टाचा घासायची पट्टी

डोंबिवलीच्या जागृतीला जगात एकाच माणसाची अक्कल मान्य होती, आणि ते माणूस म्हणजे ती स्वतः. समोरच्यानं तोंड उघडायच्या आधीच तिचं नाक मुरडून तयार असायचं. भाजीवाला मूर्ख, सोसायटीचा सेक्रेटरी महामूर्ख, आणि नवरा कमलेश, त्याच्याबद्दल तर बोलायलाच नको. पण बाईच्या हातात कला होती, ते नाकारून चालणार नाही. जाड हातकागदावर रंगीत कागद चिकटवून, मधे नाजूक जाळी कापून ती लग्नपत्रिका करायची. बघणारा आधी हात पुसायचा आणि मगच ती उचलायचा.

आतापर्यंतच्या सगळ्या पत्रिका नात्यातल्या, म्हणजे फुकटातल्या. कमलेशनं शेवटी तोंड उघडलं. "बाहेरची एक तरी ऑर्डर आण. नाहीतर ग्यालरीतलं तुझं टेबल निघणार आणि तिथे वॉशिंग मशीन बसणार." जागृतीनं नाक मुरडलं. पण रात्री तिला झोप लागली नाही, कारण त्या टेबलाशिवाय त्या घरात तिचं म्हणावं असं काही नव्हतं.

आणि तेवढ्यात ठाण्याच्या कोलशेत गावाहून बोलावणं आलं. हौसाबाईंच्या नातवाचं, देवेशचं लग्न ठरलं होतं. मूळचं गावातलं घर, एकेकाळी मिठागरात राबलेलं. आता जमिनींवर टॉवर उभे, त्यामुळे दाराशी गाड्याच गाड्या. देवेशच्या आईला, संचिताला, सुक्यामेव्याच्या पेटीसकट छापील पत्रिका हवी होती. सासू मात्र हातानं केलेल्या पत्रिकेवर अडून बसली. हौसाबाईंनी जागृतीचा नमुना उजेडात धरला, मग कडेवरून अंगठा फिरवला.

"सोबते गो पोरी. पन कड खरखरते. पयली पत्रिका गावदेवीला ठेवाची, ती लोन्यासारी पायजे. ती झाली का बाकीच्या सगल्या तूच कर."

जागृतीनं मान डोलावली आणि मनात म्हणाली, आली मोठी पारखी! पण म्हातारीचं खोटं नव्हतं. दोन कागद चिकटवून कापले की कडेला बारीक लव उभी राहायची, आणि ब्लेड कितीही नवं लावलं तरी जायची नाही. कडा घासायला काहीतरी हवं होतं.

इंटरनेटवर एक बाई साखरेत घोळलेल्या आवाजात कागद घासून दाखवत होती. तिच्या हातातलं ते साधन बघायला जागृती ठाण्याच्या एका क्राफ्टच्या दुकानात गेली. तिथल्या मुलीनं काचेच्या कपाटातून डबी काढली. आत साबणाच्या छोट्या वडीएवढा स्पंज, त्याला खालून खरखरीत कागद. किंमत ऐकून जागृतीचे डोळे पांढरे झाले.

"ह्याला काय सोन्याची वाळू लावल्ये का?"

"मॅम, इम्पोर्टेड आहे. प्रोफेशनल लोक हेच घेतात."

"प्रोफेशनल नाही, बावळट," जागृती म्हणाली आणि बाहेर पडली.

मग कल्याणचा बाजार. हार्डवेअरवाल्याकडे तिनं पॉलिश पेपर मागितला. "लाकडाला की लोखंडाला?" त्यानं विचारलं. "कागदाला," ती म्हणाली. शेठनं शेजारच्या गिऱ्हाइकाला ढोसून हे ऐकवलं. "कागदानं कागद घासणार? अरे वा!" दोघं दात काढून हसले. जागृतीनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की दुसरा कोणी असता तर गल्ला बंद करून घरी गेला असता. पॉलिश पेपर घेतला खरा, पण घरी येऊन लावला तर बोटाखाली नुसता वाकायचा. कड गुळगुळीत होण्याऐवजी नागमोडी झाली आणि कोपरे उंदरानं कुरतडल्यासारखे दिसायला लागले. कमलेश टेप घेऊन ग्यालरी मोजून गेला.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा कल्याणात. हार्डवेअरच्या पलीकडे बांगड्या-क्लिपांचं दुकान. दारातच दोरीला लटकत होत्या टाचा घासायच्या पट्ट्या. गुलाबी दांडा, एक अंग जाड खरखरीत, दुसरं अंग बारीक. जागृतीनं बारीक अंगावरून बोट फिरवलं आणि तिथल्या तिथे पर्समधून रद्दी नमुना काढून त्याच्यावर घासला. हलक्या हातानं, एकाच दिशेनं. लव गेली, कड अशी झाली की बोट नुसतं सरकावं. आणि किंमत? दोन वडापावांची. "अगं बाई गं!" ती भर रस्त्यात ओरडली.

गावदेवीची पत्रिका झाली. हौसाबाईंनी अंगठा फिरवला, हळद-कुंकू लावलं आणि देवळात नेऊन ठेवली. "आयतवारी ये, पावन्यांची नावां घेऊन जा," म्हणाल्या. झालं, टेबल वाचलं!

आता गप्प बसावं की नाही? पण गप्प बसली तर ती जागृती कसली! त्याच संध्याकाळी तिनं पट्टी नाचवत व्हिडिओ केला. "महागड्या टूलच्या नादी लागू नका मैत्रिणींनो! मी कोलशेतच्या एका मोठ्या पार्टीची पत्रिका ह्या टाचेच्या पट्टीनं घासली. जमिनी विकून पैसा आलाय, कडेची अक्कल कुठून येणार? त्यांना काय कळतंय!" आणि खदाखदा हसली. आजवर तिचा व्हिडिओ वीस माणसांनी बघितला नव्हता. हा मात्र गावभर फिरला.

रविवारी सकाळी कमलेश म्हणाला, "पायाची वस्तू देवीच्या पत्रिकेला? आता खा जोडे." जागृतीनं उत्तर जुळवून ठेवलं. पट्टी कोरी होती, पाकिटातली, कोणाच्या पायाला कधी लागली नव्हती. पुरावा म्हणून ती पर्समध्ये घातली आणि कोलशेतला गेली.

हौसाबाई ओटीवर पाय पसरून बसल्या होत्या. संचिता मोबाइल हातात घेऊन दारात उभी, चेहऱ्यावर दिवाळी. जागृतीनं बसायच्या आधीच सुरू केलं. "आजी, शपथ घेऊन सांगते, पट्टी नवी होती. पायाला लागलेलीच नाही हो!"

"पायाचा मना काय नाय," हौसाबाई म्हणाल्या. "मिठागरान माजी सासू पायानीच जमीन तुडवाची, तवा मीठ व्हायाचा. ता मीठ सगल्यांनी खाल्ला, कोनी पाय इचारलं नाय."

जागृतीनं सुटकेचा श्वास टाकला. तिला वाटलं, सुटले.

"पन कड खरखरते, ता तुला कोनी सांगितला?"

जागृती ओटीच्या कडेला टेकली.

"मीच ना? आनी मग त्यांना काय कलतंय, असा बोल्लीस. हसलीस." म्हातारीचा आवाज जराही चढला नव्हता. "देवीपुरं ठेवली ती ऱ्हावंदे, देवीचा काय रोस नाय. बाकीच्या संचिता पेटीवाल्याकरनं आनेल."

संचितानं लगेच फोन लावला. जागृतीच्या डोळ्यांपुढे ग्यालरी आली, टेप आला, आणि टेबलाच्या जागी घरघरणारं मशीन. ती उठली.

"थांब गो," हौसाबाईंनी हाक मारली. जागृती वळली. वाटलं, म्हातारी विरघळली.

"ती पट्टी हाय ना तुज्याकरं? ती ठेवून जा." हौसाबाईंनी पाय आणखी पुढे केले. "टाचा लय फुटल्यान माज्या."

जागृतीनं पर्स उघडली आणि पट्टी त्यांच्या हातात दिली. हौसाबाईंनी बारीक अंगावरून अंगठा फिरवून बघितला आणि घासायला सुरुवात केली, हलक्या हातानं, एकाच दिशेनं.