हेअर्स आणि भुका

डोक्यावरच्या केसांना मी इंग्रजीत हेअर्स म्हणते. हेअर म्हणायचं असतं, शेवटी स लावायचा नसतो, हे मला चांगलं ठाऊक आहे. लेकानं सांगितलंय, आणि एकदा नाही, दर रविवारी सांगितलंय. तरी मी हेअर्सच म्हणते आणि इथून पुढंही म्हणणार. का, ते सांगते.

लेक पुण्यात कंपनीत आहे. त्याची बायको कोचीची. दोघांची गाठ नोकरीत पडली, लग्न झालं, आणि घरात बोलायला इंग्रजी आली. नात जन्मली ती त्याच भाषेत, आता सहा वर्षांची आहे. सून गुणाची, पण माझ्यापुढं मराठीचा एक शब्द काढत नाही. लग्नानंतर पहिल्या वर्षी बोलायची दोन-चार वाक्यं, मग गप्प झाली. मला वाटायचं, स्वभाव असेल.

मी भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईची, दहावीपर्यंत शिकलेली, मका-सोयाबीनच्या रानात आयुष्य गेलेली बाई. नातीशी बोलायचं तर इंग्रजी पाहिजे. मग शिकले. शेजारच्या पोरीचं आठवीचं पुस्तक आणलं, मोबाइलवर धडे ऐकले आणि म्हशीला चारा टाकताना मोठ्यानं वाक्यं म्हणायला लागले. आमचे हे म्हणायचे, "अशानं म्हैस आटंल." आटली नाही.

रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल. मी नातीला विचारायची, हेअर्स धुतले का, होमवर्क्स झाले का. पोरगी बराबर उत्तर द्यायची, तिचं काही अडत नव्हतं. अडायचं तिच्या बापाचं. पडद्याच्या कडेनं त्याचा अर्धा चेहरा डोकवायचा. "आई, होमवर्क म्हण. ते मोजत नसतात." मी म्हणायची, "आमचे मास्तर तर छडी घेऊन मोजायचे." तो हसायचा नाही. हळूहळू बापाचं बघून नातही मला अडवायला लागली. आजी, राँग. मी कोल्ह्याची गोष्ट सांगत असायची आणि ती माझ्या चुका वेचत असायची.

एकदा कॉलवर विहीणबाई होत्या. मी त्यांना घरातल्या नव्या फर्निचर्सबद्दल सांगितलं. नंतर लेकाचा वेगळा फोन आला. "आई, तू आपली मराठीतच बोलत जा. मी सांगत जाईन तिला." आवाज गोड होता, म्हणून जास्त लागलं. माझ्या आणि माझ्या नातीच्या मधे दुभाषा बसणार, आणि तोही माझ्या पोटचा. मी म्हणाले, "लाज तुला वाटू राह्यली, मला न्हाई. मंग गप तू बस." फोन ठेवून मी रडले, हेही सांगून टाकते. पण पुढच्या रविवारी हेअर्स म्हणायचं ते म्हणलेच.

नियम मला कळत नाही असं नाही. सामान आपणही मोजत नाही, सामानं म्हणणाऱ्याला आपणही हसतो. नियमावर माझा राग नाही. नियम पुढं करून माणसाचं तोंड बंद करतात, त्याचा राग आहे. आणि आमच्याकडं राज्य होतं निजामाचं. इंग्रजाला पाहून उठून उभं राहायची सवय आमच्या घराण्यात कुणाला लागलीच नाही, ती आता मी कशाला लावून घेऊ?

यंदा मे महिन्यात तिघं गावाकडं आली. नातीनं पुण्यात थोडी मराठी उचलली होती. पहिल्याच दिवशी ती देवळापुढं गल्लीतल्या पोरांत खेळायला गेली. खेळता खेळता म्हणाली, "मला खूप भुका लागल्या." झालं. पोरांना तेवढंच पाहिजे होतं. भुका लागल्या, भुका लागल्या करत सगळी वरात आमच्या दारापर्यंत आली. नात जी आत शिरली ती कॉटखाली. दुसऱ्या दिवशी बाहेर पडली नाही, मराठीही बोलली नाही.

लेक तिला समोर बसवून शिकवू लागला. भूक लागली, म्हण. भूक लागली. आधी बरोबर बोलायला शीक, मग जा खेळायला. ती डोळे पुसत म्हणत होती. सून बाजूला मान खाली घालून बसली होती. तिच्याकडं पाहिलं आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. पहिल्या वर्षी हिलाही यानं असंच शिकवलं असणार. एक बाई गप्प झाली, आता पोरगीही होणार. माझ्याच घरात, माझ्याच लेकाच्या हातानं. मला हे बिलकुल चालणार नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी नातीला उचलून बाहेर ओट्यावर आणलं, पुढ्यात बसवलं आणि खोबरेल तेलाची बाटली घेतली. गल्ली भरलेली होती. मी तोंड उघडलं. युवर हेअर्स आर व्हेरी ड्राय, आय विल पुट ऑइल्स. देवळापर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात. पोरं गोळा झाली, हसायला लागली. समोरची जाऊबाई तोंडाला पदर लावून म्हणाली, "अवं बाई, काय बोलू राह्यल्या?" मी तिलाही इंग्रजीतच सांगितलं, की मी नातीला पुष्कळ ॲडव्हायसेस देत आहे. आणखी हसू. लेक दारात आला. "आई, हळू." मी आवाज वाढवला.

नातीनं मान वळवून माझ्या तोंडाकडं पाहिलं. इंग्रजीत हळूच म्हणाली, आजी, ते तुला हसतायत. मी म्हणाले, येस. लेट देम. आणि तिच्या टाळूवर तेल थापलं.

तिनं पोरांकडं पाहिलं. मग माझ्या हातातून सुटून ओट्याच्या कडेला उभी राहिली आणि सगळ्या गल्लीला मराठीत ओरडून सांगितलं, "मला भुका लागल्या."

पोरं हसली. या वेळी तीही हसली. लेकानं तोंड उघडलं, "बेटा, भूक..."

"मला पण भुका लागल्या," त्याच्या मागून आवाज आला. सून होती. चेहरा लाल झालेला, पण मान वर. इतक्या वर्षांनी तिची मराठी ऐकत होते.

मी तेलाचे हात पदराला पुसले आणि तवा ठेवायला उठले. दारात लेक वाट अडवून उभा होता.

"तुला बी लागल्या का?" मी विचारलं.

त्यानं आधी लेकीकडं पाहिलं, मग बायकोकडं. तिच्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं.

"लागल्या," म्हणाला, आणि बाजूला झाला.