आंब्यावरचं बांडगूळ

आमच्या दारातल्या आंब्याला दोन वर्षं धड मोहोर नव्हता, आणि खोड मात्र खालपासून वरपर्यंत शेवाळानं हिरवंगार. गेल्या श्रावणात माझं डोकंच फिरलं. तारेचा ब्रश घेतला आणि करपलेलं पातेलं घासावं तसं खोड घासत सुटले. शेवाळाबरोबर सालही निघायला लागली, तरी थांबले नाही. मला एकदा राग आला की हातातलं काम संपेपर्यंत तो उतरत नाही.

राग झाडावर कमी आणि आक्कांवर जास्त होता. आक्का म्हणजे माझी थोरली नणंद. नवरा गेल्यावर चंदगडहून आमच्याकडे राहायला आल्या, त्याला तेव्हा आठ महिने झाले होते. बाई साधी, कामसू. पण माझ्या डब्यांच्या जागा बदलायच्या आणि मी मीठ घातलेल्या आमटीत परत मीठ घालायच्या. आमटी खारट झाली की आपणच मुकाट्यानं जास्त वाढून घ्यायच्या. त्याचा मला आणखीनच राग यायचा. त्या दिवशी सकाळीही तेच झालं होतं.

पावसानं उघडीप दिली तसे कागलचे छाटणीवाले मामा आले आणि शिडी लावून वर चढले. मधल्या फांदीवर जाड पानांचा एक झुबका होता, पांढरी मुळं खाली लोंबत होती. आक्का कट्ट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. मी खालून ओरडले, "ते बांडगूळ मुळासकट काढा, मामा. दुसऱ्याच्या जिवावर किती दिवस जगायचं, त्याला काय सुमार हाय का न्हाई?"

झाडावर काहीही उगवलं की आम्ही त्याला सरसकट बांडगूळ म्हणून मोकळे होतो. घरात बसून खाणाऱ्या माणसालाही तोच शब्द. आक्कांचा हात थांबलेला मला दिसला.

"वैनी, ह्ये बांडगूळ न्हवं," मामा वरून म्हणाले. "आमरी हाय."

मग त्यांनी मला चांगलंच फैलावर घेतलं. आमरीची, म्हणजे ऑर्किडची, मुळं सालीला नुसती धरून असतात, आत शिरत नाहीत. पावसाचं पाणी पिते, झाडाकडून फक्त बसायला जागा घेते. शेवाळाचंही तसंच. त्यानं झाडाचं काही खाल्लं नव्हतं, खरी इजा माझ्या ब्रशनं केली होती. खरं बांडगूळ शेंड्याकडं निघालं. तिथं फांदीला गाठ आली होती आणि त्याची मुळं थेट लाकडात घुसली होती. मामांनी हातभर खालून फांदीच उतरवली आणि जखमेवर मोरचूद-चुन्याचा लेप लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्कांची पिशवी दारात. पुतण्याकडं जाते म्हणाल्या, दुपारची चंदगड गाडी धरायची होती. हे कामावर गेलेले. घरात आम्ही दोघीच. मी म्हटलं, आक्का, मी झाडाला बोलले हो.

"ठाऊक हाय की," त्या म्हणाल्या. "पण बोलताना माझ्याकडं बघितलंस."

नाही हो, असं पटकन तोंडातून गेलं. आक्कांनी मान डोलावली, पायात चपला घातल्या आणि निघाल्या. मला कुणी खोटं पाडलं तर मी भांडायला उठते. पण या बाईनं माझं खोटं ऐकून घेतलं, चकार शब्द काढला नाही, ते मला सोसेना. आता ही गेली तर परत यायची नाही, हे पोटातून कळलं. धावत जाऊन फाटकापाशी पिशवी धरली.

"बघितलं," मी म्हटलं. "मुद्दाम बघितलं. माझ्या आमटीत मीठ घालता, माझे डबे हलवता, आणि वर एक शब्द बोलत न्हाई. आठ महिने झाले, डोकं उठलंय माझं."

बोलता बोलता मलाच रडू फुटलं. लाज वाटत होती आणि पिशवीही सोडवत नव्हती.

पिशवीचा बंद आक्कांनीच हातातून सोडला, माघारी वळल्या आणि उंबऱ्याशी चपला काढल्या.

"आल्यापासनं सगळी गोडच बोलताय," त्या म्हणाल्या. "पावण्याशी बोलल्यागत. आज पयल्यांदा घरच्यागत भांडलीस."