मैत्रिणीचा कोळी

तो कोळी माझ्या मैत्रिणीला सापडला, तेव्हा मी तिच्यापासून हातभर अंतरावर बसून भाकरी खात होते.

मोठा दुष्काळ सरल्यानंतरची ती वर्षं. आम्ही दोघी सोलापूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो आणि सात रस्त्याजवळ एका खोलीत भाड्यानं राहायचो. कोळ्यांचं वेड माझं. तिचा विषय खेकडे. पण सुट्टीच्या दिवशी खोलीत एकटीला करमत नाही म्हणून ती माझ्याबरोबर दुधनीकडच्या माळावर यायची. त्या दिवशी सकाळपासून दगड उलथून मी दमले होते. बसायला जागा करावी म्हणून तिनं एक दगड बाजूला सारला आणि म्हणाली, "अगं, हा बघ कसा पळतोय."

वर न बघताच मी म्हटलं, नेहमीचाच असेल. तिनं हौसेनं तो कुपीत घेतला. जवळच मेंढरं चारणाऱ्या बाईनं विचारलं, "औषदाला लागतो व्हय ह्यो?" मैत्रीण हसून म्हणाली, नुसता बघायला.

सोमवारी विभागाच्या सरांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि बराच वेळ मान वर केली नाही. मग त्यांनी मला बोलावलं. काळपट तपकिरी, तांदळाच्या दोन दाण्यांएवढा नर. आठ डोळे दोन ओळींत, मागच्या ओळीतले मधले दोन तिरके आणि मोत्यासारखे पांढरे. इथवर सगळं ओळखीचं होतं. कोळ्याच्या तोंडाशी पायांसारखे दोन आखूड अवयव असतात, त्यांना पाल्प म्हणतात. नर त्यांनीच मादीला बीज देतो, म्हणून प्रत्येक जातीच्या नराचा पाल्प त्याच जातीच्या मादीला जुळेल असा घडलेला असतो. जात ओळखायची ती यावरून, रंगावरून नव्हे. पाल्पच्या फुगीर टोकाच्या अलीकडच्या पेऱ्यावर एक काटा असतो. माझ्या माहितीतल्या सगळ्या जातींत तो साधा होता, बाभळीच्या काट्यासारखा. याचा मात्र टोकाशी दुभंगलेला होता: एक फाटा आखूड, बोथट, दुसरा लांब आणि आत वळलेला.

ही जात कुणी नोंदवलेली नव्हती, हे त्या खोलीत सगळ्यात आधी मला कळलं, आणि तो कोळी माझा नव्हता.

सरांनी सांगितलं की वर्णन तिनं लिहावं, चित्रं मी काढावीत, माझा हात चांगला आहे. मी हो म्हटलं. दुपारी वीज जायची, म्हणून खिडकीपाशी टेबल ओढून मी आरशाच्या उजेडात काम करायची. गिरणीचा भोंगा झाला की डोळे चोळायची. एकेक केस, एकेक काटा मी कागदावर उतरवला. शेजारी बसून ती विचारायची, "काय दिसतंय गं?" आणि मी सांगायची. मागच्या पायांच्या पेऱ्याच्या टोकाला राठ केसांचा कंगवा आहे, हे मी सांगितलं. पोटावर पुढच्या बाजूला चकचकीत ढाल आहे, हेही मीच. ती खाली मान घालून लिहून घ्यायची. तिला कोळ्यातलं काही कळत नव्हतं, याचा मला राग यायचा. ती भराभर शिकत होती, याचा त्याहून जास्त.

सर म्हणाले, मादी मिळाली तर वर्णन पक्कं होईल. नेमकं तेव्हाच तिच्या बहिणीचं लग्न निघालं आणि ती अकलूजला गेली. मी एकटी माळावर गेले. तिच्यासाठी गेले असं म्हटलं तर ते खोटं होईल. मला माझा स्वतःचा एखादा कोळी हवा होता. उन्हानं मान भाजून निघाली, रोजचेच कोळी मिळत राहिले, आणि परतायच्या बेतात एका चपट्या दगडाखाली एक नर दिसला; भिंगातून पाहिलं तर काटा दुभंगलेला, तिच्याच जातीचा. त्याच्याच बाजूला अंड्यांच्या पांढऱ्या पुडीवर बसलेली मादी.

मी दोन्ही कुप्यांत घेऊन आले. सूक्ष्मदर्शकाखाली मादीच्या पोटाखालची कडक चकती पाहिली. तिच्यात दोन खोबणी होत्या, एक उथळ आणि एक खोल, नराच्या काट्याच्या दोन फाट्यांना जुळतील अशा. तसली चकती मी आधी पाहिली नव्हती. एवढा आनंद मला आयुष्यात क्वचितच झाला असेल, आणि तो दुसरीच्या कामाचा होता.

अकलूजहून आल्यावर तिनं कुपी उजेडात धरली आणि तिचे डोळे भरून आले. ती म्हणाली, शोधनिबंधावर आपल्या दोघींची नावं घालू. मी म्हटलं, कोळी तुला सापडला, मला कुणाची मेहरबानी नको. तिनं पुन्हा विचारलं नाही. निबंध छापून आला, त्यात शेवटी माझे आभार होते, चित्रांसाठी आणि मादीसाठी. पेढे तिनं विभागात वाटले. मीही खाल्ला. गोड लागला नाही.

पुढच्या वर्षी लग्न ठरून ती सोलापूर सोडून निघाली. ट्रंक भरताना एकदम म्हणाली, "तू नाव नको म्हणालीस ना, तेव्हा मला बरं वाटलं होतं. तुझं नाव असतं तर सगळ्यांना वाटलं असतं, काम तुझंच आहे. खरं म्हणजे होतंच."

ही बाई माझ्यावर जळत होती, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. मी खाली बसले आणि तिच्या साड्यांच्या घड्या घालू लागले.

लग्नानंतर तिनं कोळी सोडले, खेकडेही. मी राहिले. पुढे मलाही नव्या जाती मिळाल्या, पण त्या मुद्दाम शोधून. तिला मिळाली ती बसायला जागा करताना. आमच्या शास्त्रात जातीच्या नावामागे तिचं पहिलं वर्णन करणाऱ्याचं आडनाव लावतात. मैत्रिणीचं माहेरचं आडनाव आता दुसरीकडे कुठंच उरलेलं नाही. ती जात त्या माळांवर चांगली मुबलक निघाली. विद्यार्थी दर हिवाळ्यात घेऊन येतात आणि मी पूर्ण नाव सांगते, आडनावासकट. सांगताना अजूनही जीभ किंचित अडते.