उरलेला चुना

ईस्टरच्या आधी आमच्याकडे ज्याने त्याने आपल्या माणसाची कबर चुन्याने रंगवायची असते. पत्नी गेल्यानंतरचा हा माझा पहिलाच ईस्टर. शनिवारी सकाळी बादलीत चुना कालवून मी कबरस्तानात गेलो, तर तिची कबर आधीच पांढरीशुभ्र झालेली. तिच्यासाठी करण्यासारखं माझ्या हातात एवढंच उरलं होतं, तेही कुणीतरी उरकून टाकलं होतं.

नळावर आमच्या चर्चच्या मंडळीतल्या रूथबाई हात धूत होत्या.

"तुम्ही रंगवलीत?"

"चुना उरला होता, सर. वाया कशाला घालवायचा?"

"मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता," असं म्हणून हसत त्या गेल्यादेखील.

कुणी न मागता काही केलं की मी आधी कारण शोधतो. उद्या उपासनेनंतर यांना चारचौघांत सांगायचं असेल. किंवा या एकट्या माणसाला काय जमणार, असं वाटलं असेल.

परतताना रूथबाईंच्या नवऱ्याची कबर दिसली. ती अर्धीच पांढरी होती. चुना उरलेला नव्हता, तिथे तो कमी पडला होता.

मी बादली टेकवली आणि राहिलेला अर्धा भाग रंगवायला बसलो. संशय तेव्हाही गेला नाही, फक्त माझ्याकडे वळला. कारण ब्रश फिरवता फिरवता मी दोनदा मान वळवून फाटकाकडे पाहिलं, कुणी बघतंय का म्हणून.