कठड्याला बांधलेले हात

त्यांचा हात नळीकडे जात होता, म्हणून मी तो बांधला. त्या दिवशी डॉक्टरांना मी हेच सांगितलं, घरी आईला हेच, पुढे लग्न झाल्यावर नवऱ्यालाही हेच. हात नळीकडे जात नव्हता. आता पन्नाशी जवळ आली, तेव्हा एकदा खरं ते लिहिते.

नर्सिंग पास झाले आणि घाटकोपरच्या एका खाजगी हॉस्पिटलात लागले. राहायला आम्ही गोवंडीला. आमच्या गल्लीतली मी पहिली सिस्टर. आई माझा पांढरा युनिफॉर्म मुद्दाम रस्त्याच्या बाजूच्या दोरीवर वाळत घालायची आणि कचऱ्याच्या डम्पिंगकडून वारा सुटला की धावत जाऊन काढायची. लोकांना तो दिसायलाही हवा होता आणि त्याला वासही लागायला नको होता.

पहिले सहा महिने नोकरी कच्ची. पक्की करायची की घरी पाठवायचं, हे वॉर्डची इन्चार्ज सिस्टर ठरवायची. मालवणकडची बाई. पेशंटांशी शुद्ध बोलायची, आमच्यावर चिडली की तिची भाषा थेट गावाला जायची. "कॉलेजात ह्याच शिकवल्यानी तुका?" हे वाक्य मी रोज एकदा तरी ऐकायचे.

मला पुरुषांचा सर्जिकल वॉर्ड दिला होता. तिथे एका म्हाताऱ्या पेशंटने माझ्या ड्युटीत लघवीची नळी ओढून काढली. अंथरूण रक्ताने भरलं. डॉक्टरांनी सगळ्या वॉर्डसमोर विचारलं, "सर्टिफिकेट कुठून विकत आणलंस?" पेशंटसुद्धा हसले. इन्चार्जने मला बाजूला घेऊन सांगितलं, "हे बघ, पुन्हा असं झालं तर मी तुझ्यासाठी तोंड उघडणार नाही. हात वळवळायला लागले की बांधायचे. विचार करत बसायचं नाही."

त्यानंतर आठवडाभरात ते गृहस्थ आले.

वय साठीच्या आसपास. प्रोस्टेटचं ऑपरेशन. जन्मापासून ऐकू येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. बायकोला दोन्ही येत होतं, आणि नवऱ्याच्या वाटणीचंही तीच बोलायची. भांडुपला राहायचे. "छापखान्यात मशीनवर असतात," ती म्हणाली. "मशीनच्या आवाजाने बाकीच्यांची डोकी उठतात, ह्यांना काय? मालक खूश, मीपण खूश. घरी मी कितीही बडबडले तरी भांडण नाही!" तो काय बोललीस म्हणून तिला कोपराने ढोसायला लागला, तिने हातांनी सांगितलं, आणि तो पोट धरून हसला. हसण्याला मात्र आवाज होता. घशातून येणारा, रुंद.

मी लिहिता लिहिता 'तो' म्हणून गेले. वॉर्डात आम्ही त्यांना 'मुका' म्हणायचो. 'मुक्याचं बीपी घेतलंस?' ते राहून गेलंय जिभेवर.

बायकोने मला त्यांचे तीन हात शिकवले. ती खुणा म्हणत नसे, हात म्हणायची. अंगठा ओठाला लावला की पाणी. मूठ फडकं पिळल्यासारखी फिरवली की दुखतंय. आणि कपाळाच्या मध्ये बोट टेकवलं की बायकोला बोलवा. "माझ्या कुंकवावरून नाव ठेवलंय," असं सांगताना ती लाजली. "तुम्ही नवीन आहात ना सिस्टर, लवकर शिकाल. जुन्यांना वेळ नसतो." मी ते हात त्यांच्यासमोर करून दाखवले. चुकले तेव्हा त्यांनी माझी मूठ धरून फिरवून दाखवली. म्हणजे मला कळत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशीची दुपार. ह्या ऑपरेशननंतर वरच्या बाटलीतून पाणी नळीने मूत्राशयात सोडतात. ते आतलं रक्त धुऊन खालच्या पिशवीत येतं. जेवढं आत जातं तेवढं बाहेर यायला हवं. नाही आलं, तर समजायचं की रक्ताची गाठ अडकली, आणि आधी वरचं पाणी बंद करायचं. एवढं मला पक्कं ठाऊक होतं, परीक्षेत आलं होतं.

भेटायची वेळ संपली म्हणून बायकोला मीच बाहेर काढलं. "चारला या." ती दारातून दोनदा वळली. इन्चार्ज जेवायला गेली. माझ्याकडे दुपारची इंजेक्शनं होती, एक नवा पेशंट स्ट्रेचरवर आला होता आणि सकाळीच इन्चार्जने ऐकवलं होतं की ह्या महिन्यात तुझा निर्णय आहे.

त्यांनी स्टीलचा पेला पलंगाच्या कठड्यावर आपटायला सुरुवात केली. मी गेले. त्यांनी मूठ पिळली, कपाळाला बोट लावलं. ऑपरेशन झालंय, दुखणारच, असा माझा हिशेब. "हो, चारला येतील," मी घड्याळाकडे बोट दाखवून म्हटलं आणि निघाले. पुन्हा पेला. पुन्हा मूठ, पुन्हा कपाळ. तिसऱ्यांदा गेले ती पेला काढून घ्यायला. मग ते हाताच्या तळव्याने कठडा वाजवायला लागले. स्ट्रेचरवरच्या पेशंटचा मुलगा म्हणाला, "इथे कोणी बघतं की नाही पेशंटला?"

तेव्हा मी बँडेजचा रोल आणला.

हात नळीकडे जात नव्हते. ते आवाज करत होते आणि मला तो आवाज बंद करायचा होता. मनगटाखाली कापूस ठेवला, कातडी सोलवटू नये म्हणून. गाठीखालून दोन बोटं जातात का पाहिलं. अगदी पुस्तकाप्रमाणे. एक हात बांधून होईपर्यंत त्यांना मी काय करतेय ते उमगलं नसावं. ते शांत पाहत होते. दुसरा धरला तेव्हा त्यांनी तो खेचला. मी वॉर्डबॉयला हाक मारली. बांधायच्या आधी त्याच हाताने त्यांनी पुन्हा मूठ पिळली, माझ्या तोंडासमोर, हळू, जशी मला शिकवली होती तशी.

चादर उचलून खालच्या पिशवीकडे एक नजर टाकायची होती. मी ती टाकली नाही.

पुढे ते घशातून ओरडत होते, टाचा गादीवर घासत होते. शेजारच्या खाटेवरचा रिक्षावाला म्हणाला, "सिस्टर, उसको देखो ना जरा. कुछ बोल रहा है."

"बोलणार कुठून? मुका आहे तो," मी म्हटलं. टेबलाजवळची दुसरी सिस्टर फिस्सकन हसली. त्या वॉर्डात माझ्या बोलण्यावर कोणी हसायची ती पहिली वेळ, आणि मला बरं वाटलं.

चारला बायको आली. हातात डबा. तिने आधी त्यांचं तोंड बघितलं, मग हात. ओरडली नाही. डबा जमिनीवर ठेवला आणि गाठ सोडायला लागली. त्यांनी ओढून ओढून ती आवळली होती, सुटेना, तर खाली वाकून दातांनी धरली. मी कात्री घेऊन धावले. तिने माझ्या हातातून कात्री घेतली, मला कापू दिलं नाही.

हात सुटल्यावर त्यांनी पोटाकडे दाखवलं. त्यांचं ओरडणं ऐकून आलेल्या इन्चार्जने चादर ओढली. पोट ढोलासारखं टणक, खालची पिशवी जवळजवळ रिकामी, आणि वरून पाणी चालूच. तिने पाणी बंद केलं, मला हाताने ढकलून बाजूला केलं. थोड्या वेळात त्यांना पुन्हा ऑपरेशन थिएटरला नेलं. खूप रक्त गेलं होतं.

लिनेनच्या खोलीत इन्चार्जने दार लावून विचारलं, "हात नळीकडे जात होता?"

मी फळीवरच्या चादरींच्या घड्या सारख्या करायला लागले.

"गो, जात होता की नाही?"

"जात होता."

"बस. आता कोणी विचारलं तरी एवढंच बोलायचं. रडायचं ते घरी जाऊन."

डॉक्टरांनी विचारलं, मी तेवढंच बोलले. बायको तिथेच उभी होती. ती म्हणाली, "साहेब, थिएटरला नेईपर्यंत ते एकच सांगत होते. सिस्टरना सांगितलं, त्यांना कळलं, तरी बांधलं." डॉक्टर चांगल्या सुरात म्हणाले, "बाई, दुखण्यात माणसाचं डोकं ताळ्यावर नसतं. त्यांना काय काय वाटलं असेल. नळी ओढली असती तर जिवावर बेतलं असतं. सिस्टरांनी योग्य तेच केलं."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी इंजेक्शनच्या ट्रेकडे पाहिलं.

ते वाचले. बरेच दिवस होते वॉर्डात. मी बीपीचा पट्टा घेऊन खाटेजवळ गेले की दोन्ही हात चादरीखाली जायचे. मारायला आलेल्यापासून लपवावेत तसे नाही. गर्दीत पाकीट आत ठेवतो ना माणूस, तसे. बायकोने समजावल्यावर एक हात बाहेर यायचा, मूठ मिटलेली. बाकी सगळ्यांशी ते बोलायचे. रिक्षावाला तर चहापासून क्रिकेटपर्यंत सगळं त्यांच्या हातांत शिकला होता. मी दिसले की दोघांची बडबड थांबायची.

घरी जाताना बायकोने टेबलावर पेढ्यांचा पुडा ठेवला, रीत म्हणून. "सगळ्यांनी घ्या." मीही घेतला, खाल्ला. त्याच आठवड्यात मी पक्की झाले. आईने गल्लीत साखर वाटली.

आता मी स्वतः इन्चार्ज आहे, मुलुंडच्या हॉस्पिटलात. नुकत्याच पास झालेल्या मुली लागल्या की हात कधी बांधायचे आणि बांधण्याआधी काय काय तपासायचं, हे शिकवायचा तास माझ्याकडे असतो. त्यात मी ही गोष्ट सांगते. "एक नवीन मुलगी होती..." पेला, पिशवी, रिक्षावाला, सगळं सांगते. चादरीखाली जाणारे हात सांगत नाही, पेढाही नाही. मुली हळहळतात. दर वेळी कोणीतरी विचारतंच, "मॅडम, मग त्या सिस्टरचं काय झालं?"

ह्या वर्षीही एकीने विचारलं. पहिल्याच बाकावरची, नवा कोरा युनिफॉर्म, इस्त्रीची घडी अजून न मोडलेली.

"काढून टाकलं तिला," मी म्हणाले.

"बरं झालं," ती म्हणाली आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या.