विशाखाताईचा चहा

आमची मावसबहीण विशाखाताई निलंग्याकडच्या एका गावात तलाठी आहे. तिची स्कूटी बिघडली की मी तिचा बिनपगारी ड्रायव्हर. सरकारी निराधार योजनेच्या चौकशीला गेली की ही बाई दारातच सांगते, "चहा ठेवा." गावात चेष्टा चालते, "तलाठीणबाई चौकशीला येत्यात का चहाला?"

पण तिची चौकशी त्या चहातच असते. पोराकडं जेवायचं अन् चूल वेगळी दाखवून निराधारचा महिन्याचा सरकारी पगार उचलायचा, असे लोक पुष्कळ. विठाबाईंनी अशीच नवीकोरी चूल दाखवली होती. ताईनं चहा मागितला, तशी विठाबाईंनी शेजारच्या घराकडं तोंड करून हाक मारली, "पुनम, आपली साखर कुठं ठिवलीस गं?" सून साखर घेऊन आली अन् सासूचा पगार गेला.

गेल्या उन्हाळ्यात मात्र उलटंच झालं. रत्नम्माविरुद्ध तक्रार होती : लेकाच्या दारात मोटार, म्हातारी खोटी निराधार. आम्ही तिच्या खोपटावर गेलो तर लेक रामलिंग कडक इस्त्रीत हजर. जमलेल्या चार माणसांत छाती काढून म्हणाला, "आई आमच्यातच जेवती. मी काय आईला उपाशी ठिवीन व्हय?"

रत्नम्मानं मान खाली घातली. पोराची इज्जत राखावी तर पगार जातो, अन् तिची औषधं त्याच पगारावर.

"लई चांगलं," ताई म्हणाली. "मग आज चहा तुमच्या हातचा, रामलिंगभाऊ. आईच्या चुलीवर."

रामलिंग ऐटीत आत शिरला अन् ठेंगण्या चौकटीवर कपाळ आपटलं. काडेपेटी सापडेना. साखरेचा म्हणून डबा उघडला, त्यात शेवया. दारातली माणसं खोकल्यासारखं करून हसू दाबत राहिली. शेवटी रत्नम्मालाच राहवेना.

"मगा, लेकरा, साखर न्हाई माझ्याकडं. गूळ हाय, वर शिंक्यात."

रामलिंग कपाळ चोळत बाहेर आला अन् हळूच म्हणाला, "ताई, लिहू नका. मला गावात तोंड दाखवायचंय."

"चूल वेगळी, एवढंच लिहिते. कपाळाचं नाही लिहीत. आईला खरंच जेवू घालायला लागलात की फोन करा, त्याच दिवशी पगार बंद करायला लिहिते."

चहा मग रत्नम्मानंच केला, गुळाचा. ताईनं बशी भरभरून प्याला.

रत्नम्माचा पगार चालू आहे. रामलिंगचा फोन अजून यायचाय.