दाजींच्या कमरेचं पिस्तूल

सैन्यातून निवृत्त झालो आणि इथं आखातात एका शूटिंग क्लबात इन्स्ट्रक्टर म्हणून लागलो. पासपोर्ट दाखवून तासभर पिस्तूल चालवायला येणारे हौशे-गवशे रोज बघतो. पण आमच्या दाजींसारखा नग अजून पाहिला नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. गावाकडे प्लॉट विकतात. कुणी त्यांच्या केसाला कधी धक्का लावलेला नाही, तरी खटपट करून पिस्तुलाचं लायसन मिळवलं. आता कुठलं घ्यायचं हे मला विचारायला, ताईला घेऊन आठ दिवस अल कुसैसच्या आमच्या फ्लॅटवर उतरले होते. माझ्या लेकीनं मोबाइलमधून मान वर न करता विचारलं, "काका, बट हू वॉन्ट्स टू शूट यू?"

"पोरी, तुला नाही कळायचं," दाजी म्हणाले. मलाही कळलं नव्हतं.

त्यांना पाहिजे होतं नव्या पद्धतीचं, बाहेरून सेफ्टीचा खटका नसलेलं. शर्टाखालून उपसलं, चाप ओढला, खलास. "ऐन वेळेला खटका कोण शोधत बसणार?" ही अक्कल मोबाइलवरच्या व्हिडिओंतून आलेली. सोफ्यावरून उठताना दोनदा हात टेकणारा माणूस, आणि म्हणे उपसणार!

नेलं क्लबात. ताई मागे काचेपलीकडे बसली. जुन्या पद्धतीचं, घोडा आणि सेफ्टी असलेलं रिकामं पिस्तूल दाजींच्या हाती दिलं. कमरेला खोचा, काढा, सेफ्टी उतरवा, परत चढवा. दहा वेळा करून घेतलं. सहा वेळा ते शर्टातच अडकलं. सेफ्टी परत चढवायचं एकदाही सुचलं नाही, आणि बोट सदानकदा चापावर.

"दाजी, घरी गेल्यावर हे कमरेचं काढून कोण ठेवणार?"

"तुझी ताई आहे की."

माझं डोकंच फिरलं. हा माणूस संध्याकाळी पँट काढून पलंगावर फेकतो आणि ताई खिसे रिकामे करते. पाकीट, किल्ल्या, तंबाखूची पुडी. आमच्या घरीही तेच चाललं होतं. उद्या त्यात भरलेलं पिस्तूल येणार. मी सरळ सांगितलं, तुमचं काय व्हायचं ते होऊ दे, पण ते ताईच्या हातात जाणार आहे. सेफ्टीवालंच घ्यायचं. दाजी कुरकुरले, पण तयार झाले.

मग ताईला आत बोलावलं. सेफ्टी कशी चढवायची ते दाखवलं. दुसऱ्याच खेपेला तिला जमलं, बोट चापापासून लांब ठेवून. "बघा, शिका काहीतरी," मी दाजींना सुनावलं. घरी येईपर्यंत गाडीत माझीच बडबड चालू होती.

घरी आल्यावर ताई चहा ठेवायला लागली. मी म्हटलं, "बघितलंस? सरळ केलं की नाही दाजींना?"

तिनं गॅस बारीक केला. "कुठलं घ्यायचं ते चांगलं सांगितलंस. पण घेऊच नका, हे तू सांगशील म्हणून मी त्यांना इथवर आणलं होतं. तुझं एकट्याचं ऐकतात ते."

हॉलमध्ये दाजी गावाकडच्या दुकानदाराशी फोनवर बोलत होते. "सेफ्टीवालं बुक करून टाका. मेहुण्यानंच सांगितलंय."